उलट्या हाताचा शॉट

“थांबवा थे,” कमलाबाई म्हणाल्या.

नीलेशने स्पेसबार दाबला. पडद्यावरचा आमचा शेतकरी पंपाच्या स्टार्टरच्या लोखंडी पेटीवर अख्खा पंजा ठेवून थबकला.

“माहे मालक असा हात लावत नवते. उलटा लावत.” त्यांनी हाताची मागची बाजू टेबलाच्या कडेला अलगद टेकवून दाखवली. “असा. दररोज.”

दारव्ह्यात एका कृषी केंद्राच्या वर दोन खोल्यांत आमचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ आहे. तेव्हा तो नुकताच सुरू झाला होता. नीलेश आमचा अ‍ॅनिमेटर, आधी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचा. मी प्रॉडक्शन मॅनेजर. कोणता शॉट कोणाकडे आहे, कुठे अडलाय आणि लाइट गेल्यावर काय करता येईल, याच्या याद्या मी ठेवते. यवतमाळच्या एका संस्थेसाठी आम्ही शेतातल्या विजेच्या अपघातांवर छोटी फिल्म करत होतो. कमलाबाई जवळच्या तांड्यावरच्या. त्यांचे पती ओलिताला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला गेले असताना स्टार्टरपाशी शॉक लागून वारले. त्या वेळी कमलाबाई डबा घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पोचल्या होत्या. फिल्मला आवाज त्यांचा होता. ज्याचा आवाज, त्याला रेंडरच्या आधी फिल्म दाखवायची, असा आमचा नियम आहे. रेंडर म्हणजे कॉम्प्युटरने एकेक चित्र रंग-सावलीसकट पक्कं करणं. त्यानंतर बदल करायचा तर तो शॉट पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

पंजा आला कुठून, ते नीलेशने सांगितलं. पात्राच्या हाताच्या काही पोज आम्ही तयार ठेवतो आणि लागतील तशा वापरतो. ही पोज आधीच्या एका कामात दार ढकलण्यासाठी केलेली होती. मागच्या रांगेतल्या माणसालाही हात स्पष्ट दिसावा, म्हणून त्याने तीच घेतली.

“हाताचं एवढं काय, मावशी? शॉक लागला, हे दिसलं की झालं,” तो म्हणाला.

कमलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाल्या, “लोक मंतात, पिऊन गेलते, म्हणून पेटीले हात घातला. तुमच्या पिच्चरमंदीबी तसंच दिसून राह्यलं. मंग म्या आवाज कायले देल्ला?”

या भागात बहुतेक शेतकरी स्टार्टरला आधी उलटा हात लावून पाहतात. करंट असला तर हात आखडून मागे येतो, चिकटत नाही, असा समज आहे. त्या दिवशी कमलाबाईंच्या पतींचाही हात झटकला गेलाच. पण पाय पाणी सोडलेल्या चिखलात होते. तोल गेला आणि ते पेटीवरच पडले. कमलाबाईंनी हे सगळं रेकॉर्डिंगच्या वेळी सांगितलं होतं. स्क्रिप्ट आटोपशीर करताना त्याचं ‘हात लावला’ एवढंच उरलं.

मी संस्थेच्या देशमुख सरांना फोन लावला. कार्यक्रम ठरलेला होता, गावोगाव निरोप गेले होते. शॉट बदलायचा म्हटल्यावर ते वैतागले. पण त्यांची खरी अडचण वेळेची नव्हती.

“मॅडम, उलटा हात दाखवला, तर लोक तेच शिकतील.”

“लोक तेच करतात, सर. आपण पंजा दाखवला तर म्हणतील, आम्ही कुठे असं करतो? आणि उठून जातील.”

मग ते म्हणाले, “दाखवा. पण ही पद्धत चुकीची आहे, हे फिल्ममध्ये स्वच्छ सांगा. गोलमाल नको.”

आम्ही ओळखीच्या वायरमनला बोलावून घेतलं. वाक्य त्यानेच दिलं : “उलटा हात करंट शोधतो, अडवत नाही.” पेटीला अर्थिंग हवं, कोरड्या जागी उभं राहून टेस्टरने तपासायला हवं, शंका आली तर पेटीला न शिवता वायरमनला बोलवायला हवं. हे सगळं आम्ही शॉटच्या मागे जोडायचं ठरवलं.

आता हे कमलाबाईंना सांगणं आलं. ते काम यादीत कोणाच्याच नावासमोर नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगितलं.

“मंजे तेहीचं चुकलंच मंता तुमी?”

“पद्धत चुकीची आहे, कमलाबाई. ते बेफिकीर नव्हते. दोन्ही दाखवू.”

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. मला वाटलं, आवाज काढून टाका म्हणतील. मग त्या हळू आवाजात बोलल्या.

“तेहीले माह्या सासऱ्यानं शिकवलं. तेहीच्या मागं पोरगा पंपावर जाते. त्याले म्या सांगतलं. बाप्पा, उलटा हात लावून पाह्यजो, मंगच चालू करजो.”

नीलेशने कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

“दाखवा,” त्या म्हणाल्या. “पन पयले माह्या पोराले दाखवा.”

नीलेशने ती पोज नव्याने केली. मनगट कसं वळतं, बोटं किती सैल असतात, ते कमलाबाई शेजारी बसून दाखवत होत्या. पडण्याचा शॉट आला की त्या खिडकीकडे तोंड करत.

रेंडर लावायच्या आधीच मी त्यांच्या मुलाला, विलासला, बोलावलं. तो गाडी खाली लावून वर आला. फिल्म पाहिली. उलटा हात पेटीला टेकला तेव्हा तो म्हणाला, “बाबा असाच लावत.” शेवट झाल्यावर त्याने वायरमनचा नंबर मागितला आणि आमच्यासमोरच फोन लावून त्याला शेतावर बोलावलं. अर्थिंग होईपर्यंत पंप बंद राहिला. हरभऱ्याचं एक ओलित हुकलं.

कार्यक्रम ठरलेल्या दिवशीच झाला. तांड्यावर फिल्म दाखवली तेव्हा दारू पिण्याचा विषय कोणी काढला नाही. वायरमनलाही बोलावलं होतं, फिल्म संपल्यावर लोक त्याच्याभोवतीच उभे होते.

तयार पोज आम्ही आजही वापरतो, त्याशिवाय काम वेळेत होत नाही. पण मेलेल्या माणसाचा हात तयार पोजमधून घ्यायचा नाही. ज्याने तो पाहिलाय त्याला आधी विचारायचं, आणि तो जे सांगेल ते ऐकायला रिकामा वेळ धरूनच तारीख द्यायची.