थोआचा जड पायगुण

फायनलच्या दिवशी थोआनं सकाळपासून तीन वेळा चपला पायात घातल्या आणि तीन वेळा काढल्या. मॅच संध्याकाळी साडेसातला. पण तिचे पाय दुपारपासूनच चुळबुळायला लागले, बसल्या जागी. वीस वर्षांची सवय ती. आग्नेय आशियातल्या देशांची ही फुटबॉलची स्पर्धा दर दोन वर्षांनी थंडीत यायची, आणि आपल्या व्हिएतनामची मॅच असली की नाम दिन्ह शहरातली झाडून सगळी माणसं टीव्हीपुढे बसायची. एकटी थोआ तेवढी घराबाहेर पडायची. हौस म्हणून नाही हो, तिला काढायचेच.

तिचा पायगुण जड होता ना.

हे ठरलं कसं, तेही सांगते. तेव्हा थोआ आणि तिचा नवरा दोआन, दोघं कापडगिरणीत कामाला. तो मागांचा मिस्त्री, ती सुताच्या बॉबिनी भरायची. गल्लीत मोठा टीव्ही एकच, तो दोआनचा, म्हणून फायनलला सगळी गल्ली त्याच्या घरात. थोआ बिचारी आत पपनस सोलत होती. फोडी ताटलीत नीट मांडून ती बाहेर आली, "घ्या रे," म्हणाली, आणि थायलंडनं गोल मारला. ती आत पळाली. तिखट-मिठाची वाटी विसरली म्हणून पुन्हा बाहेर आली, तर दुसरा गोल. शेजारचा खिएन डोक्याला हात लावून ओरडला, "वहिनी, तुमच्या पाया पडतो, येऊ नका बाहेर!" आणि दोआन, तिचा लग्नाचा नवरा, मानसुद्धा न वळवता म्हणाला, "अगं, जरा तळ्यावर चक्कर मारून ये की."

ती गेली. चक्कर मारून येईस्तोवर आपल्यांनी एक गोल फेडला होता. झालं! शिक्का बसला तो बसला.

आता भांडावं तर कुठल्या तोंडानं? पुढे गिरणीनं माणसं कमी केली, तेव्हा थोआनं कोपऱ्यावर चहाचा ठेला टाकला. हिरवा चहा, शेंगदाण्याची चिक्की, गिऱ्हाइकाला ओढायला बांबूची चिलीम आणि सहा बुटके स्टूल. सकाळी भवानीला कोण येतं, यावर तिचा सगळा दिवस ठरायचा. टपालवाला आला तर दिवस सोन्याचा. पलीकडची शिंपीण आली आणि नुसती चौकशी करून गेली, की तिची पाठ वळते न वळते तोच थोआ कागद पेटवून स्टुलांभोवती ओवाळायची, जड पायगुण जळून जावा म्हणून. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावानं कागद जाळले. आता तिच्या नावानं कुणी जाळला तर ती बोलणार काय?

शिक्का बसल्यापासून मॅच लागली की ती चालायची. रस्त्यावर कुत्रं नाही, तळ्याकाठी प्रेमात पडलेली जोडपीही नाहीत. चालता चालता तिला एक विद्या मात्र अवगत झाली. घराघरांतून येणारा ओरडा ऐकून तिला सगळा खेळ कळायचा. ओरडा चढत चढत जाऊन मध्येच बसला, तर गोल हुकला. पातेली वाजली, तर आपण मारला. एकदम सामसूम झाली आणि मग कण्हणं आलं, तर आपल्यावर बसला. आणखी एक गोष्ट तिला कळली, जी शहरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. गोल सगळ्या गल्ल्यांत एका वेळी होत नाही. मागच्या लोहारगल्लीत अजून छपरावरचे जुने अँटेना होते, तिथं गोल आधी व्हायचा. थोआच्या गल्लीत खिएननं मोठ्या ऐटीत दोआनच्या टीव्हीला इंटरनेटवरची मॅच जोडून दिली होती, तिथं तोच गोल सात-आठ श्वास उशिरा यायचा. तिनं एकदा दोआनला हे सांगून पाहिलं.

"मॅच न बघणाऱ्या बाईनं मॅचवर बोलू नये," दोआन म्हणाला.

"बघू कोण देतंय?" थोआ म्हणाली. पण तोवर त्याचं लक्ष पडद्यावर गेलं होतं.

वीस वर्षांत तिनं आपल्यांचा एकही गोल डोळ्यांनी पाहिला नव्हता.

यंदा पावसाळा संपता संपता दोआनच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही, एवढंच बोलणं उरलं. डॉक्टरांनी थोआला बजावलं होतं, पाठीशी दोन उशा कायम हव्यात, खाली घसरू द्यायचं नाही, घशात लाळ अडकली तर जीव जाईल. आणि फार उत्तेजित होऊ द्यायचं नाही. हे शेवटचं ऐकून थोआ डॉक्टरांकडे बघतच राहिली. फायनल दहा आठवड्यांवर होती.

सहा वाजता तिनं नवऱ्याला पेज भरवली. पावणेसातला गल्ली आत शिरली. लाल बनियन, कपाळाला लाल पट्ट्या, हातात झाकण्या, डाव. दुसरीकडे बसू या, असं कुणी म्हणायची सोय नव्हती. सगळ्या मॅच याच खोलीत पाहिल्या होत्या, जागा बदलली आणि हरलो तर? खिएननं आल्याबरोबर मागची खिडकी लावून घेतली. लोहारांचा गोंगाट नको म्हणाला.

थोआ मात्र खाटेच्या कडेला बसूनच.

"वहिनी," खिएन घसा खाकरून म्हणाला, "थंडी आहे. मफलर घेताय ना?"

"कशाला? मी कुठे चाललेय?"

सगळ्या झाकण्या एकदम खाली आल्या.

"वहिनी, फायनलची पहिली मॅच थायलंडला जाऊन एकास एक बरोबरीत सुटलोय. आजचा शेवटचा डाव. तुमच्याशी वैर आहे का आमचं? पण..."

"आणि यांच्याकडे कोण बघणार? तुम्ही?"

"मी बघते ना ताई," खिएनची बायको लुआ म्हणाली. तिच्या दोन्ही गालांवर पिवळे तारे रंगवलेले. "नजर हलवणार नाही त्यांच्यावरून."

"तुझी नजर? गेल्या खेपेला गोल झाला तेव्हा तू स्वतःच्या लेकाच्या डोक्यावर झाकणी वाजवलीस!"

हशा पिकला. खिएन दोआनवर वाकला. "दादा, तुम्हीच सांगा. वहिनींनी जावं ना, नेहमीसारखं?"

दोआननं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. त्याला काय म्हणायचं होतं, देव जाणे. खिएननं ते एकदा मिटले असं मोजलं.

थोआनं चपला घातल्या. चौथ्यांदा.

तळ्यावरचं वारं अंगाला झोंबत होतं. पहिल्या फेरीला काही झालं नाही. दुसरी अर्धी झाली तोच लोहारगल्लीतून पातेल्यांचा दणदणाट उठला, आणि ती मोजत राहिली, एक, दोन, तीन... आठव्या श्वासाला तिच्या गल्लीतून खिएनचा भोंगा वाजला. एक गोल आपला. एरवी ती अशा वेळी गालात हसायची. आज तिला दोआनच आठवला. यांचं काळीज केवढ्यानं उडालं असेल? आनंदानंही माणूस जातं.

ती वळली. परत वळली. पाय घराकडे निघाले की मन ओढायचं, तू गेलीस आणि तिकडे गोल बसला तर जन्मभर ऐकशील. मन तळ्याकडे वळलं की पाय ऐकेनात. मध्यंतर झालं, दारं उघडली, माणसं सिगरेटी ओढायला बाहेर आली आणि तिला बघून दोघा-तिघांनी लांबूनच हात जोडले. ती फिरतच राहिली. दुसरा डाव सुरू झाला. पेज खाताना ते खोकले होते. औषध दिलं. पाणी दिलं. पांघरूण नीट केलं. उशा...

ती थांबली.

निघताना खिएन खाली बसला होता, आणि त्याच्या बुडाखाली काहीतरी निळं होतं. निळ्या अभ्र्याची उशी घरात एकच. ती दोआनच्या पाठीची.

मग थोआ धावली. साठ वर्षांची बाई, एक चप्पल तळ्यापाशी, एक हातात. दारातून आत शिरली तर तीस पाठी टीव्हीसमोर उभ्या, आणि खाटेवर दोआन घसरून कुशीवर कलंडलेला, तोंड भिंतीकडे, ओठांवर फेस, घशातून घरघर. लुआची नजर अजिबात हलली नव्हती. टीव्हीवरून.

"मेल्यांनो!" थोआ एवढंच ओरडली. ती खाटेवर चढली, पदरच नाही म्हणून कोटाच्या बाहीनं त्याचं तोंड पुसलं, पाठीत थोपटलं, लाळ काढली. मग काखेत हात घालून त्याला ओढून वर घेतलं आणि स्वतःच त्याच्या पाठीशी बसली, त्याची पाठ आपल्या छातीला टेकवून. त्याला वारा हवा म्हणून बसल्या जागेवरून हात लांबवून मागची खिडकी सताड उघडली. हळूहळू घरघर थांबली.

तेव्हा कुठे लोकांना कळलं, खोलीत कोण आलंय.

"वहिनी! डोळे मिटा!" खिएन किंचाळला. "तासभर एक-शून्यवर आहोत आपण!"

"डोळे मिटते. पण इथून हलायची नाही. उशी तुम्ही पळवलीत ना भाऊजी? आता मीच उशी."

खिएननं आपल्या बसायच्या जागेकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. थोआनं डोळे घट्ट मिटून घेतले. समोर टीव्हीचा माणूस तावातावानं बोलत होता. आणि मागच्या खिडकीपलीकडे, लोहारगल्लीत, एकदम सामसूम झाली. मग ते कण्हणं आलं.

थोआचे डोळे खाडकन उघडले. पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मधोमध आपल्याच पोराच्या पायात होता. मग त्यानं तो घालवला. थाई पोरगा पळाला, पळाला, आणि जाळं हललं.

तीस चेहरे वळले. टीव्हीकडे कुणी बघेना.

"उघडले ना डोळे?" कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं. खिएननं पेपर गुंडाळला, खिशातून लायटर काढला. "वहिनी, राग मानू नका. उठा. अजून दहा मिनिटं आहेत."

वीस वर्षं ती अशा वेळी उठली होती. पाय आजही उठायला निघाले. पण ती जरा सरकली की दोआनही सरकत होता.

"थांबा," ती म्हणाली. "लोहारांकडे तो गोल आधीच झाला होता. मी ऐकला. माझे डोळे तेव्हा बंद होते."

"काय सांगताय?"

"खरं तेच. तुमचं इंटरनेट उशिरा दाखवतं, भाऊजी. आठ श्वास. मागची गल्ली रडून मोकळी झाली, तेव्हा तुम्ही इथं अजून ढोल बडवत होतात. माझ्या बघण्यानं गोल होतो म्हणता, तर जो होऊन गेला तो मी कसा केला?"

खिएनच्या हातातला कागद तसाच राहिला. एवढ्यात थोआला छातीशी हादरे जाणवले. दोआनचं अंग थरथरत होतं. आलं, दुसरा झटका आला. तिनं घाबरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. तोंड वाकडं झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तो हसत होता. चांगला अर्ध्या तोंडानं, वारं गेल्यापासून पहिल्यांदाच.

"दादा," खिएन हट्टानं म्हणाला, "तुम्ही सांगा. जाऊ द्यायचं ना वहिनींना?"

दोआननं डोळे मिटले, उघडले. पुन्हा मिटले, उघडले. दोनदा. सगळ्या खोलीनं मोजलं. वर डाव्या हातानं थोआचं मनगट धरलं, ते सोडलंच नाही.

"बसा मग," खिएन म्हणाला, आणि निळी उशी त्यानं थोआच्या कमरेशी खोचली. लायटर मात्र खिशात ठेवला नाही.

ती शेवटची मिनिटं काही सरेनात. कुणी नखं खात होतं, कुणी भिंतीकडे तोंड करून उभं. लुआनं झाकणी दातांत धरली होती. थोआचे पाय पांघरुणाखाली तळ्याच्या फेऱ्या घालत होते; दोआनच्या लुळ्या पायाला लागत होते, तरी थांबत नव्हते. एकेक श्वास मोजत ती पडद्याकडे बघत होती आणि कान खिडकीशी लावून बसली होती. पडद्यावर आपला एक पोरगा कोपऱ्यात चेंडू ठेवत होता. ठेवला. पुन्हा उचलला. पुसला.

मागून लोहारगल्ली फुटली. पातेली, परात, ऐरण, जे हाताला लागेल ते वाजायला लागलं. पण खोलीत खिएनचा भोंगा आणि टीव्हीचा आवाज इतका मोठा, की कुणाला ऐकूच आलं नाही. पडद्यावर तो पोरगा अजून चेंडूच पुसत होता.

थोआनं सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. खिएनचे ओठ थरथरत होते, नाकावर घाम होता. आठ श्वास. वीस वर्षं ज्यांनी तिला थंडीत फिरवलं, त्यांना आणखी आठ श्वास तळमळू द्यायला काही हरकत नव्हती.

ती नवऱ्याच्या कानाशी वाकली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "नीट बघा हं आता. आपलाच आहे. आणि मलाही बघू द्या, मान इकडे घ्या जरा."

दोआननं डोळे एकदा मिटले आणि मान डावीकडे कलती केली.