भट्टी आणि टाकी

लाकडाच्या वखारीत भट्टी सांभाळणाऱ्या बाईंना सगळे भट्टीकाकू म्हणत. ओल्या फळ्या रचायच्या, थरांमध्ये पट्ट्या घालून वाऱ्याला वाट ठेवायची, गरम हवा खेळवायची, यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. पातळ फळी त्यांच्या हातून सहसा वाकडी निघत नसे. जाड लाकडाने मात्र त्यांना नेहमी रडवलं. वरून कडकडीत, आत ओलं, आणि मग चीर.

म्हणून मालकांनी नवी पोलादी टाकी आणली. पंपाने आतली हवा ओढून घेतली की थोड्या उष्णतेतही पाणी लाकूड सोडतं, असं ते सांगत होते.

"बघू," काकू म्हणाल्या, "नव्याचे नऊ दिवस असतात."

कसोटी घरातूनच आली. वादळात अंगणातलं अक्रोडाचं झाड आडवं झालं. काकूंच्या सासऱ्यांनी लावलेलं. काका सुतार, त्यांना त्याचं जाडजूड जेवणाचं टेबल करायचं होतं.

"तुझ्या भट्टीतच सुकव," काका म्हणाले.

"आणि चिरलं तर जन्मभर ऐकवाल."

"ते तर एरवीही ऐकवतोच."

काकूंनी मग एक जाड फळी भट्टीत ठेवली, बाकीच्या टाकीत. टाकीतल्या आठवड्याभरात बाहेर आल्या. एकीच्या पोटात ओल उरली होती, ती परत आत गेली. इतर अगदी सरळ, रंगानेही उजळ. भट्टीतली फळी मात्र ऋतू पालटला तरी सुकतच होती, आणि शेवटी टोकाशी वीतभर चिरलीच.

काकूंना वाईट वाटेल म्हणून मालक चिरेकडे न बघता टाकीचं झाकण पुसू लागले. काकूच हसल्या.

"जाड माल टाकीला द्या, माझी कटकट गेली. पण गाडीभर पातळ फळ्या आल्या तर? तिच्या पोटात मावतं किती?"

"म्हणूनच भट्टी काढत नाहीये," मालक म्हणाले. "आणि दोन्ही तुम्हीच बघायच्या."

काकू टाकीच्या चाव्यांचे कान पिळायलाही लवकरच शिकल्या.

टेबल झकास झालं. चिरलेलं टोक कापून उरलेल्या फळीचा काकांनी दारापुढे बाक केला. रात्री जेवण झाल्यावर त्यावर बसून ते म्हणाले, "टाकीचं लाकूड जेवायला, तुझं बसायला."

"टेकायला शेवटी माझंच लागलं ना?"

काकांनी मान डोलावली. दोघं बराच वेळ तिथेच रेंगाळले, कारण भांडी घासायची पाळी काकांची होती.