मार्गळी महिन्यातले पाहुणे

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटलं काम म्हणजे शेवग्याचा पाला निवडणं. मागच्या ओसरीवर मध्ये सूप घेऊन बसलो होतो. मी पानं ओरबाडायचो, ती माझी निवडलेली पानं पुन्हा निवडायची.

"अहो, काड्या राहतात तुमच्या. कुण्या म्हातारीच्या घशात अडकेल."

"अडकली तर एक पान कमी वाढायचं."

"तोंडाला काही हाड?" म्हणाली, हसली, आणि सूप उचलून आत गेली. विशेष काही नव्हतं त्यात. त्याच आठवड्यात तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. रिक्षा येईपर्यंतसुद्धा थांबली नाही. सगळ्याचीच घाई तिला.

पाला आमच्या घरचा नव्हे, आज्यांच्या घरचा. तंजावुरात आमच्या गल्लीच्या टोकाला एक संस्था आहे. ज्यांना कोणी नाही, किंवा असून नसल्यासारखं, अशा म्हाताऱ्या बायका तिथं राहतात. माझी बायको तिथं स्वयंपाक करायची. मी अँबॅसडर चालवतो. प्रवाशांना मोठं देऊळ दाखव, राजवाडा दाखव, तिरुवैयारुला नदीवर ने, हे माझं काम. शाळा दोन यत्ता. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी; ही अक्षरं वडिलांनी मारून शिकवली. चुका असल्या तर त्यांच्या नावावर घाला, ते आता काही म्हणत नाहीत.

लिहितोय ते गाडीत बसणाऱ्यांसाठी. देऊळ बघून झालं, पोट भरलं, की माणसाला दया येते. मग मागच्या सीटवरून आवाज येतो, "इथं एखादी चांगली संस्था आहे का हो? आम्हाला काहीतरी करायचंय." पूर्वी असं कोणी विचारत नव्हतं. देशाची दारं उघडली म्हणतात, त्यानंतर परदेशी कोला आला, घरोघर केबल आली, नवी हॉटेलं झाली, आणि दयाही वाढली. पण ती येते मार्गळी महिन्यात, म्हणजे तुमच्या मार्गशीर्ष-पौषात. हवा बरी असते ना तेव्हा.

काय काय केलंय या लोकांनी! एकदा गोऱ्या मंडळींनी लोकरीचे स्वेटर वाटले. तंजावुरात! म्हाताऱ्यांनी ते उशीत भरले. दात नसलेल्यांना कडक चॉकलेटं दिली. दर वर्षी कोणीतरी येऊन पुढली भिंत रंगवतं. नवीन टोळी आली की पुन्हा तीच भिंत. रंगाचे थर बसून बसून ती भिंत जाड झालीय. वरचं छप्पर मात्र ऐपशीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या पावसात गळतं. छपरावर चढून फोटो काढता येत नाही, म्हणून ते तसंच.

आपली मराठी माणसंही मागे नाहीत. पुण्याकडची एक बस आली आणि सगळ्यांना ओळीत बसवून पांढरी लुगडी दिली. निराधार म्हणजे विधवाच असणार, हे यांनी बसमध्येच ठरवलेलं. त्यात एक आजी होती, तिचा नवरा दुसरी बाई घेऊन पापनाशमकडे राहायला गेलेला. हिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हातात पांढरं पडताच तिनं ते भिरकावलं. "माझा नवरा मेला असं तुला कुणी सांगितलं गं? मेला तर मला आधी कळेल, साखर वाटायचीय मला!" पाहुणीनं मला विचारलं, काय म्हणतात आजी? मी तमिळचं मराठी केलं, निम्मं गाळून.

माझ्या बायकोचा या सगळ्यांवर एक कायदा होता. पुढल्या दारानं येणारा पाहुणा संस्थेच्या सेक्रेटरींचा. त्याला हार, कॉफी आणि भाषण. मागल्या दारानं येणारा तिचा. त्यानं हातपाय धुवायचे, खाली बसायचं आणि काम करायचं. चिंच कोळा, तांदूळ निवडा, एखादीच्या पायाची नखं कापा. मग तिच्याच शेजारी पंगतीला बसून जेवा. तोवर कॅमेरा बाहेर आणि प्रश्नही बाहेर. निघताना कोणी विचारलं की आता काय पाठवू, तर ती म्हणायची, "आता काही नको. इथं मार्गळीत रोज कोणाचं तरी गोड पायसम आहे, पोटं बिघडतात म्हाताऱ्यांची. ऐपशीत आठवण ठेवा, तेव्हा कुत्रंही फिरकत नाही." बहुतेक जण विसरले. थोडे विसरले नाहीत. ते पावसाळ्यात कोपऱ्यावरच्या वाण्याला फोन करून सांगायचे, तांदूळ टाक म्हणून. नखं कापून गेलेलेच सगळे. हार घालून घेतलेल्यातला एकही नाही.

ती गेल्यावर लोक भेटायला आले. "सवाष्ण गेली, पुण्यवान होती." असेल. पण पुण्य ती घेऊन गेली, आणि सकाळची कंजी कोण शिजवणार? कंजी म्हणजे आपली पेज. तिथल्या निम्म्या बायकांच्या तोंडात दात नाहीत, सकाळी त्या कंजीवरच उभ्या राहतात. तेराव्यापर्यंत शेजारणींनी आळीपाळीनं रेटलं. मग सेक्रेटरींनी मला बोलावलं.

"स्वयंपाकघर बंद करतोय," म्हणाले. "हॉटेलातून पाकिटं येतील. सकाळी ब्रेड. पाहुण्यांना स्वतःच्या हातानं पाकीट द्यायला आवडतं. त्या खोलीत त्यांना बसायला खुर्च्या टाकू. उद्या सिलिंडर आणि शेगडी न्यायला माणूस येतोय."

"दात नाहीत हो त्यांना."

"ब्रेड मऊ असतो," ते म्हणाले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस.

बाहेर आलो तर कुंकवाची आजी अंगणात. ती मला तंबी म्हणते, धाकटा भाऊ. माझे सगळे केस पांढरे झाले तरी तंबीच. "काय रे तंबी, बायको तुझी मेली आणि उपास आम्ही करायचा?"

त्याच दिवशी गाडीत पुण्याचं एक जोडपं होतं. बाई शाळेत शिकवणाऱ्या. "अय्या, काका, किती गोड मराठी बोलता हो! अगदी जुनं, मुरलेलं!"

"मी काय लोणचं आहे?"

नवरा खो खो हसला. राजवाडा झाला, देऊळ झालं, आणि मग आलाच तो प्रश्न. मी गाडी संस्थेच्या पुढल्या दाराशी लावली. बघू दे म्हटलं. हार झाले. पुळियोदरैची, म्हणजे चिंचेच्या भाताची पाकिटं बाईंच्या हातात दिली. म्हाताऱ्या ओळीत. नवऱ्यानं फोटोंचा अख्खा रोल संपवला. सगळ्यात म्हाताऱ्या आजीनं पाकीट घेतलं, फोटोसाठी बोळकं दाखवलं, आणि पाहुणे वळताच ते माझ्या हातात कोंबलं. "कुत्र्याला घाल. शेंगदाणे आहेत त्यात."

परत येताना बाईंनी डोळे पुसले. "किती समाधानी आहेत ना!"

"बाई, ती आजी उपाशी आहे," मी म्हटलं. "आणि उद्यापासून रोज असेल."

नवरा म्हणाला, "काका, असं तोडून काय बोलता?" मी लॉजपर्यंत सगळं सांगितलं. बायको गेली तेही सांगितलं. सांगायचं नव्हतं, आरशात बघत बोलताना तोंडातून निघून गेलं. उतरताना बाई म्हणाल्या, "मग आम्ही करायचं काय?" मला उत्तर द्यायचा कंटाळा आला होता. बायकोला आला नसता.

दुसऱ्या दिवशी त्यांना कुंभकोणमला न्यायचं ठरलं होतं. मी उजाडायच्या आतच लॉजवर गेलो आणि दार वाजवलं. "चला. देवळं कुठं पळत नाहीत."

संस्थेच्या मागच्या बाजूला गाडी लावली. कॅमेरा डिकीत टाकायला लावला. बाईंना तांदूळ निवडायला बसवलं. नवऱ्याला एक आजी आणि नखं कापायची कात्री दिली. पहिल्याच नखाला आजी ओरडली, "मारतोस का रे मेल्या!" तो कात्री टाकून उठायला लागला. मी म्हटलं, बसा, ती सगळ्यांनाच म्हणते. मी शेगडी पेटवली. जन्मात कधी कंजी केली नव्हती. किती पाणी घालायचं हे अंगणातून सगळ्या ओरडून सांगत होत्या आणि दोघींचं एक जमत नव्हतं. खाली लागली. वास सुटला.

तेवढ्यात सिलिंडर न्यायला माणूस आला. मागून सेक्रेटरी, इस्त्रीच्या शर्टात. "हे काय चाललंय?"

"कंजी," मी म्हटलं. "उतरली की न्या."

बाई तांदळाचं ताट घेऊन उठल्या आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, "तुम्ही जरा सरका, उजेड अडतोय." शाळेतला आवाज होता तो. सेक्रेटरी सरकले.

माणूस दाराशी उकिडवा बसून राहिला. आम्ही वाढलं. करपलेल्या कंजीला म्हाताऱ्यांनी नावं ठेवली आणि ओरपली. मग मी पातेलं उतरवलं. माणसानं सेक्रेटरींकडे बघितलं, सेक्रेटरींनी माझ्याकडे. मी दुसरं पातेलं चढवलं, त्यात पाणी ओतलं आणि दुपारच्या सांबाराची डाळ धुवायला घेतली.