बटनांना नावं द्या

पाणीपुरवठा कार्यालयात फोनवरच्या तक्रारी नोंदवायच्या जागेवर बसणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे ताईच म्हणत. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांची नजर जायला लागली, आणि दोन वर्षांत समोरचा माणूस नुसता सावलीपुरता उरला. नोकरी जायचीच, पण ताई आठ महिने रोज संध्याकाळी अंधांच्या केंद्रात गेल्या आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम शिकल्या. तेव्हापासून त्यांच्या एका कानात संगणक बोलायचा आणि दुसऱ्या कानात पाणी न आलेला माणूस भांडायचा.

दिवसाला ऐंशी फोन यायचे. घरी पोचल्यावर नवरा काही सांगायला लागला की त्या हात वर करत. “थोडा वेळ नको हो. कान भरलेत.” मग तो बिचारा मुकाट्याने चहा पुढे सरकवायचा.

अशी सहा वर्षं रेटली. मग एका सोमवारी कार्यालयात तक्रारी नोंदवायचा नवा प्रोग्राम आला. जुन्यात शब्द होते, नव्यात नुसती चित्रं. ताईंनी कळ दाबली. कानात आवाज आला, “बटन.” पुन्हा दाबली. “बटन.” पुढेही बटन, त्याच्यापुढेही बटन. चित्राला आतून नावच दिलेलं नव्हतं, तर यंत्र वाचणार काय, कपाळ?

अंदाजाने दाबत त्यांनी तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्याचा फोन आला. “बाई, तिसऱ्यांदा सांगतोय, नळाला थेंब नाही. घरी बायको अंथरुणाला खिळलीय. लिहून घेता की नुसतं हो-हो म्हणता?”

शेजारच्या कारकुनाने शोधून पाहिलं. म्हाताऱ्याची एकही तक्रार नव्हती. ‘जतन करा’ समजून ताई दर वेळी ‘रद्द करा’ दाबत होत्या. त्यांनी कारकुनाकडून ती तक्रार लिहवून घेतली आणि तडक साहेबांकडे गेल्या.

साहेब म्हणाले, “ताई, खूप केलंत. आता चौकशीच्या खिडकीवर बसा. आरामाचं काम आहे.”

“आराम मागायला नाही आले मी. बटनांना नावं द्यायला सांगा.”

“अहो, बाकी सगळ्यांना चालतंय!”

“त्यांना दिसतंय, म्हणून चालतंय.”

प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला ताईंनी चार पत्रं पाठवली. तोवर त्या फोन घेऊन सांगायच्या आणि शेजारचा कारकून तक्रार नोंदवायचा. महिन्याभराने कंपनीकडून एक तरुण मुलगी आली. ताईंनी तिला खुर्चीत बसवलं, पडदा बंद केला, इअरफोन हातात दिला. “एक तक्रार नोंदव बाळ. एकच.”

वीस मिनिटांनी मुलीने इअरफोन काढला. एवढा वेळ ती बटन, बटन, बटन ऐकत होती. “मावशी, आम्ही हे असं कधी ऐकूनच पाहिलं नव्हतं.”

दुपारचं जेवण विसरून दोघींनी त्रेचाळीस बटनांना नावं दिली.

आता काम चालतं. पण नवी आवृत्ती आली की दोन-चार नावं गळतात. परवा सात गळाली. ताईंनी कपाळाला हात लावला, त्या मुलीला फोन केला आणि एकेक बटन मोजून सांगितलं. मग डबा उघडला, पण हात काही घासाकडे जाईना. खुर्चीला डोकं टेकून त्या तशाच बसून राहिल्या.

“कंटाळा नाही येत हो?” कारकुनाने विचारलं.

“येतो की,” ताई म्हणाल्या. “रोज येतो.”