सुंगटांवर वाढलेले गुलाब

माझा जन्म मालवणजवळच्या एका किनाऱ्यावरचा. बाबांची होडी, आईची मासळीची पाटी, पाठीवर एक भाऊ आणि एक बहीण. पुढे हवाई दलातल्या अधिकाऱ्याशी लग्न करून मी चंदिगडला आले आणि दोन शिफॉनच्या साड्या नि चार इंग्रजी वाक्यं एवढ्या भांडवलावर स्वतःला नवा जन्म दिला. वसाहतीतल्या बायकांना सांगितलं, "माय फादर इज इन एक्सपोर्ट." बाबा मासळी पाण्यातून जमिनीवर आणायचे. निर्यातच ती!

आमच्या ह्यांना सगळं ठाऊक होतं. ते पुण्याचे शाकाहारी, पण मेसमध्ये कोंबडीच्या तंगडीला कधी नाही म्हटलं नाही. माझ्या माहेराची त्यांना लाज नव्हती. ते काम मी एकटीने अंगावर घेतलं होतं.

एके दुपारी माझ्याकडे चहाला सात-आठ बायका जमल्या होत्या. बड्या साहेबांची बायकोही आली होती. मी नाजूक बोटांनी काकडीचे सँडविच वाटत होते. तेवढ्यात गेटवरून शिपायाचा फोन आला, "मेमसाब, आपका भाई आया है. डब्बा लेके. डब्बे से बहुत बास आ रहा है जी." आणि मी काही बोलायच्या आत त्याने फोन भावाच्या हातात दिला.

भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा. दोन दिवस रेल्वेत बसून आला होता. डब्यात काय असणार हे मला न उघडता कळलं: सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोलंबी. आईने एकेक सोलून, कावळे हाकत उन्हात वाळवलेली.

बायकांकडे पाठ करून मी पदर तोंडाशी घेतला आणि आवाज बारीक केला. "मेमसाब घर में नहीं है. हम काम करनेवाली है. डब्बा गेट पे रख दो." मग उगाचच, अभिनय पक्का व्हावा म्हणून, मी विचारलं, "खाना खाया क्या?" तो म्हणाला, "हां." फोन ठेवताना मला वाटलं, काय बेमालूम वठवलं! वसाहतीच्या नाटकात मला नेहमी झाडाची भूमिका का देतात, याचंच नवल वाटलं.

संध्याकाळी हे डबा घेऊन आले. "हे काय?" म्हणाले. दारात शेजारीण उभी होती. मी म्हटलं, "खत. गुलाबांसाठी मागवलंय." एकदा खत म्हटल्यावर माघार कशी घेणार? माळ्याने आळ्यात पुरलं. त्या वर्षी हवाई दलाच्या तळावरच्या बागेच्या स्पर्धेत माझ्या गुलाबांना पहिलं बक्षीस मिळालं, पितळी कप. सगळ्या जणी खताचं नाव विचारत होत्या. मी म्हटलं, "इम्पोर्टेड."

भाऊ पुन्हा आला नाही. आईची पत्रं तोच लिहायचा, तीही थांबली. मग आमच्या बदल्या सुरू झाल्या आणि मी नवे पत्ते कळवले नाहीत. आई गेल्याचं मला दोन वर्षांनी कुणाकडून तरी कळलं. त्यावर विनोद सुचत नाही, म्हणून पुढे जाते.

निवृत्तीनंतर आम्ही पुन्हा चंदिगडलाच आलो. हे जाऊन सहा वर्षं झाली. यंदा उन्हाळ्यात एयरोसिटीतल्या घरात माझी नात मोबाइल बघत पडली होती. ती एकदम ओरडली, "आजी, ये आंटी तो बिलकुल आप हो! नाक देखो ना!" व्हिडिओत बंदरावर एक बाई पाय पसरून मासे कापत होती आणि गिऱ्हाइकाला झाडत होती. नाक माझंच. माझी धाकटी बहीण.

नातीने मला न विचारता संदेश पाठवला. तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन. रडणं-बिडणं नाहीच. "आषाढात मासेमारी बंद आसता, होडी वर काढलेली. आमी दोघांव येतंव," म्हणाली.

स्टेशनवर उतरल्या उतरल्या तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गो बाय, तुझे केस खंय गेले?" भाऊ वाकून पाया पडला. बहिणीने कोकम, कुळीथ, खाजं आणलं होतं. भाऊ मात्र रिकाम्या हाताने आला होता. आमच्याकडचा माणूस एवढ्या वर्षांनी बहिणीकडे येतो आणि रिकाम्या हाताने? फोनवरची ती मोलकरीण कोण होती, हे याला ठाऊक आहे का? विचारायचं धाडस होईना, म्हणून मी त्यांना शहर दाखवत सुटले. सुखना तलावावरच्या बदकाच्या आकाराच्या होड्या बघून भाऊ म्हणाला, "ह्येका होडी म्हणतत?" शहराचा मोठा बाजार म्हणून मिरवणाऱ्या सेक्टर सतराच्या चौकात बहिणीने विचारलं, "हय बाजार खंय भरता?"

शेवटी मी जाहीर केलं, "चला, तुम्हाला इकडचं कोळ्यांचं गाव दाखवते. ताजी मासळी खाऊ घालते." हिमाचलात, भाक्रा धरणाच्या पाण्याकाठी तसलं एक गाव आहे. नातीने तीन तास गाडी चालवली. पोचलो तर सगळ्या होड्या काठावर पालथ्या, आणि एक बाई उंबऱ्यात बसून फाटकं जाळं सांधतेय. "अभी तो बंदी है जी," ती म्हणाली. "मच्छी के अंडे देने का टाइम है."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. "बाय, आमी बंदी म्हणान हय इलंव, नि तू आमका बंदीच दाखवूक हाडलंस?"

बहीण हसता हसता खालीच बसली. भाऊ त्या बाईजवळ गेला आणि जाळ्याचं दुसरं टोक हातात घेतलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण फाटलेलं कुठे आहे हे दोघांनाही दिसत होतं. मीही सुई घेऊन चार गाठी मारल्या. त्या बाईने काही न बोलता चारही सोडवल्या. "तुका तेव्हाय येय नाय होता," बहिणीने पुरवणी जोडली.

दुपारी त्या बाईने आम्हाला रोटी दिली आणि सोबत घरात होतं ते, वाळवलेल्या बारीक मासळीची चटणी. भावाने ताटली माझ्यापुढे सरकवली. "खा. सुकी आसा."

मी पहिला घास तोंडात घातला आणि त्याच क्षणी भाऊ बारीक आवाजात म्हणाला, "मेमसाब घर में नहीं है. हम काम करनेवाली है."

मला ठसका लागला. नातीने पाणी दिलं.

"तुला ठाऊक होतं?"

"तुझो आवाज माका कळूचो नाय? नि खंयची मोलकरीण अनोळख्याक जेवलंस काय म्हणान इचारता?" तो रोटी मोडत राहिला. "जेवक नाय होतंय मी. पण तू इचारलंस ना."

मला आईबद्दल विचारायचं होतं. तोच म्हणाला, "आयेक सांगितलंय, बायन सुंगटां दोनदा वाढून घेतल्यान."

मग मात्र मी सगळं ओकून टाकलं. शेजारीण, खत, आळं, कप, इम्पोर्टेड. बहीण मात्र व्यवहाराची. "म्हणजे आयेच्या सुंगटांका पयला बक्षीस मिळाला? कप खंय आसा?"

घरी माळ्यावरच्या ट्रंकेत होता. तिने चिंच लावून घासला, साडीत गुंडाळला आणि घेऊन गेली. आता तो तिच्या स्वयंपाकघरात आईच्या फोटोखाली आहे. तिच्या घरच्या व्हिडिओंत मागे दिसतो. कपात ती खडेमीठ ठेवते. परवा घरी मासे घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, कप कसला? बहीण सुरी न थांबवता म्हणाली, "आयेचो. एक्सपोर्टात मिळालो."