शामला कोणत्या शाळेत जाते

१९७३ साली धान घरात आलं, तेव्हा रामटेकजवळच्या एका खेड्यातली पार्वतीबाई धाकटीला नवऱ्याजवळ ठेवून, पायलीभर नवे तांदूळ बांधून एकटीच नागपूरच्या एस.टी.त बसली. थोरली लेक शामला वर्षभरापासून प्रताप नगरात एका बंगल्यावर राहत होती. तिने वरकाम करायचं आणि त्या बदल्यात तिथल्या बाई तिला शाळेत घालतील, असं नवरा गोविंदा ठरवून आला होता. पार्वतीबाई लोकांच्या शेतात धान लावायला, रोवणीला जाणारी, स्वतः शाळेची पायरी न चढलेली. पण बांधावरच्या बायांना ती वर्षभर सांगत होती, "माही शामला नागपूरच्या शाळेत हाये."

दार शामलानेच उघडलं. कोपरापर्यंत हात साबणाने भरलेले. रस्त्यावरून दप्तरं घेतलेली पोरं घरी चालली होती.

"आज सुट्टी हाये का वं?" पार्वतीबाईने विचारलं.

शामलाने हात परकराला पुसले.

"कोन्या शाळेत जातं तू?"

"मी शाळेत नाही जात, माय."

पार्वतीबाईला वाटलं, नापास झाली असेल, म्हणून लपवते आहे. तेवढ्यात मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांनी प्यायला पाणी दिलं, बसायला सांगितलं. शाळेचं विचारल्यावर मात्र त्या गोंधळल्या.

"शाळेचं तर कधी ठरलंच नव्हतं. गोविंदा दर महिन्याला येऊन हिचा पगार घेऊन जातो. तुम्हाला बोलला नाही का तो?"

पार्वतीबाई पायरीवरच बसली. गोविंदा महिन्याला नागपूरला जायचा तो लेकीला भेटायला, असंच ती समजत होती. येताना तो ज्वारी आणायचा. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता, शेतात काही पिकलं नव्हतं. ही ज्वारी कुठून येते हे तिने विचारलं नव्हतं. त्या भाकरी तिने स्वतः खाल्ल्या होत्या. धाकट्या प्रमोदिनीला भरवल्या होत्या.

"मले काहून नाही सांगतलं?" तिने शामलाला विचारलं.

"बाबा म्हणे, मायले सांगशील तर प्रमोदिनी उपाशी राहीन."

पार्वतीबाई उठली. "कपडे घे," एवढंच म्हणाली. मालकीणबाई मागून काहीतरी समजावत होत्या, ते तिच्या कानात शिरत नव्हतं. तांदूळ पायरीवरच राहिले.

ती गावी गेली नाही. कामठीला भाऊ रुपराव पावरलूमवर कामाला होता, त्याच्याकडे उतरली. मागाच्या कांड्यांवर सूत भरायचं काम तिला मिळालं. शामलाला तिने नगरपालिकेच्या शाळेत नेलं. गावात तिसरी पास झालेल्या शामलाला आता जोडाक्षरं वाचता येईनात. हेडमास्तरांनी तिला पुन्हा तिसरीत बसवलं, तिच्या खांद्यालाही न लागणाऱ्या मुलांत.

काही दिवसांनी गोविंदा आला. कडेवर प्रमोदिनी होती.

"घरी चाल," तो म्हणाला. "लोक हासून राहिले."

"वर्षभर मले तिच्या शाळेच्या गोष्टी सांगत होते तुमी. शाळेतली बाई चांगली शिकवते म्हणे."

"काय सांगू मंग? घरात दाणा नव्हता."

"खरं सांगाचं होतं. मी खडी फोडाले गेली असती."

बायको आपल्याला अशी उलटून बोलेल हे गोविंदाच्या स्वप्नातही नव्हतं. प्रमोदिनीला उंबऱ्यात ठेवून तो एकटाच गावी परतला. पुढच्या उन्हाळ्यात मात्र शेत ठेक्याने देऊन तोही कामठीला आला आणि हमाली करू लागला. त्या वर्षाबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

शामला मॅट्रिक झाली तेव्हा तिच्या बरोबरीच्या गावच्या मुलींना दोन-दोन लेकरं होती. पुढे नर्सचं शिक्षण घेऊन ती सरकारी दवाखान्यात लागली. तेव्हा कुठे घरात पहिल्यांदा वर्षाचं धान्य एकदम भरलं गेलं.

प्रमोदिनी दहावीत असताना तिला बघायला पाहुणे आले. शामला नुकतीच ड्युटीवरून आली होती, ती तशीच त्यांच्यासमोर बसली.

"तिची परीक्षा होऊ द्या. पुढं कॉलेजात जानार हाये ते."

पाहुण्यांनी गोविंदाकडे पाहिलं.

"शामला म्हणते तसंच," तो म्हणाला, आणि चहा ठेवायला स्वतः चुलीकडे गेला. पार्वतीबाई बघतच राहिली. उठायचंही तिला सुचलं नाही.