मुलाखत घेताना तोंड बंद ठेवायचं!

डॉक्टरांकडे पेशंटचे किस्से साठतात, बँकेतल्या लोकांकडे गिऱ्हाइकांचे. मी समाजशास्त्र शिकवते, त्यामुळे माझ्याकडे अख्ख्या समाजाचे साठतात! रोज एक तरी घेऊन घरी येते आणि जेवताना नवऱ्याला ऐकवते. परवा तो वैतागून म्हणाला, "हे सगळं एकदा लिहून टाक ना. निदान आमटी गरम असताना पोटात जाईल."

म्हणून हा उद्योग. मी मूळची नागपूरची. नवऱ्याच्या नोकरीपायी बंगळुरूला आले आणि इंदिरानगरजवळच्या एका डिग्री कॉलेजात चिकटले. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून आहे.

*

आमचे प्रिन्सिपल कॉमर्सचे. त्यांच्या लेखी जगात विषय दोनच, कॉमर्स आणि टाइमपास. ज्या कामाला कुणीच वाली नाही, ते काम माझ्याकडे येतं. महिला दिनाची रांगोळी मी, रक्तदान मी, हेल्मेटची रॅली मी.

एकदा केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, आपल्या मागच्या भिंतीशी लोक उभे राहतात. फार वास येतो. तुम्ही सोशिओलॉजीच्या ना? बघा जरा."

मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, चला, विषयाची आठवण तरी झाली! मी म्हणाले, "सर, लोक असं का करतात याचा मुलांकडून एक छोटा सर्व्हे करून घेते. जवळपास स्वच्छतागृह आहे का, ते उघडं असतं का..."

"सर्व्हे नको हो. भिंतीवर देवांच्या टाइल्स लावायच्या, संपलं. फक्त कुठले देव लावायचे ते तुम्ही ठरवा. ते तुमच्या सिलॅबसमध्ये येतं."

*

दर वर्षी पहिल्या दिवशी मी विचारते, हा विषय का घेतला? दर वर्षी मनाला लागतं, तरी विचारते.

"मॅम, तुमचा पिरियड एकला संपतो."

"मॅम, मॅथ्स नाही म्हणून."

एकजण तर म्हणाला, "मॅम, मला सायकॉलॉजी हवं होतं. फॉर्म भरताना बोट चुकलं."

पण या सगळ्यांवर ताण केली ती रोहननं. रोहन मूळचा पुण्याचा. आईवडील दोघंही आयटीत, राहायला मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये. वर्गाला मी काम दिलं होतं की आपल्या घरातला किंवा गल्लीतला एक सामाजिक प्रश्न शोधून आणा. बाहेरगावी जायचं नाही, इंटरनेटवर जायचं नाही, घरातच बघायचं. हा हात हलवत आला आणि चक्क मराठीत म्हणाला, "मॅम, आमच्याकडे प्रश्न नाहीयेत. आमचं गेटेड आहे."

मी डोक्याला हात लावला. "बरं, स्त्री-पुरुष समानता बघ. आहे का घरी?"

"टोटल! आईबाबा दोघंही सेम कमावतात. कोणी कोणाला ऑर्डर सोडत नाही."

"मग जेवताना दाराची बेल वाजली तर कोण उठतं?"

रोहननं मनापासून विचार केला. "कोणीच नाही मॅम. स्वयंपाकवाली अक्का असते ना!"

*

मग मी ठरवलं, निदान आजीशी तरी बोलू दे. प्रत्येकानं आपल्या आजीची किंवा घरातल्या वडीलधाऱ्या बाईची मुलाखत घेऊन यायचं. तिच्या लग्नाच्या वेळी काय झालं, कोणी ठरवलं, तिला कोणी विचारलं का.

असाइनमेंट्स वेळेवर आल्या तेव्हाच मला संशय यायला हवा होता. वाचायला बसले तर सगळ्या आज्या एकच बोलत होत्या! तुमकूरची आजी, कोचीची आजी, पाटण्याची आजी, सगळ्यांचं म्हणणं एकच, की "आमच्या काळी कुटुंबव्यवस्था मूल्यांवर आधारित होती." एका आजीनं तर शेवटी म्हटलं होतं, "यात आणखी काही बदल हवे असल्यास मला जरूर सांगा."

मी त्या मुलाला उभं केलं. "ही तुझी आजी बोलली?"

"हो मॅम. ती खूप हेल्पफुल आहे."

त्या सगळ्या ढिगात खरी आजी एकच होती. एका पानावर, हातानं, एवढंच लिहिलेलं, "आजी म्हणाली, मला काय विचारतेस, तुझ्या अप्पाला विचार. सगळं पुरुषच ठरवतात."

लिहिणारी होती भाग्या. देवनहळ्ळीहून दोन बस बदलून येणारी, शेवटच्या बाकावर बसणारी, वर्षभरात तोंड न उघडलेली मुलगी. मी तिला बोलावून विचारलं, पुढे का नाही लिहिलंस? तर खाली बघत म्हणाली, "मॅम, अप्पांना कसं विचारू? ते माझं लग्न ठरवतायत. परीक्षा झाली की उरकायचं म्हणतात. मग थर्ड इयर नाही." आणि मग अगदी हळू आवाजात, "तुम्ही अप्पांशी बोलाल?"

*

बोलले. आणि काय सांगू, स्वतःवरच चिडले.

फोनवर भाग्याचे अप्पा अतिशय अदबशीर. त्यांची द्राक्षाची बाग होती, तिच्यातली बरीचशी आता प्लॉट पाडून लेआउटमध्ये गेली आहे. मी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये त्यांना पाऊण तासाचं लेक्चर हाणलं. मुलीचं शिक्षण, स्वतःच्या पायावर उभं राहणं, एकच तर वर्ष उरलंय. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "मॅडम, लग्नानंतर शिकवणार आहेत ते. मुलाकडच्यांनी शब्द दिलाय."

"शब्दाचं काय हो?" मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, "तुम्ही इथल्याच का मॅडम?"

"नाही, नागपूरची."

"आमेले?" म्हणजे कन्नडमध्ये, मग पुढे?

"मिस्टरांना इथे नोकरी लागली, म्हणून आलो."

"आमेले?"

"तिथे माझी पण नोकरी होती. पर्मनंट."

"आमेले?"

"आमेले काय, सोडली!"

"सरी मॅडम," अप्पा म्हणाले. बरं, मॅडम. त्यात टोमणा अजिबात नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की पाऊण तास मी बोलले ते त्यांच्या कानावरून गेलं, आणि एका शब्दात माझ्या संसाराची सगळी कहाणी मात्र त्यांनी काढून घेतली!

*

मधे एक राव सरांचा सांगते, म्हणजे माझंही डोकं थंड होईल.

राव सर इतिहास शिकवतात. घरात मराठी बोलतात, पण त्यांचं घराणं बंगळुरूत शिवकाळापासून आहे. मला अक्का म्हणतात. स्थलांतराचा धडा आला की मी त्यांना वर्गावर बोलावते, कारण आमच्या मुलांना वाटतं, स्थलांतर म्हणजे फक्त डिलिव्हरीवाले. सरांनी तासभर झकास सांगितलं. पूर्वज घोड्यावरून कसे आले, भाषा कशी मिसळली, घरातली भाकरी जाऊन मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, कसे आले. वर्ग गुंग! मला वाटलं, जमलं बुवा.

शेवटी एका मुलानं हात वर केला. "सर, खूप इन्स्पायरिंग. पण मग तुम्ही परत कधी जाणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राव सरांनी मात्र शांतपणे चष्मा पुसला. "ट्रॅफिक स्वल्प कमी होऊ दे रे. मग निघतो."

*

पीण्या या बंगळुरूतल्या औद्योगिक वस्तीतल्या कारखान्यांत मुलांना नेलं, हा माझा त्या वर्षीचा सगळ्यात मोठा मूर्खपणा. छोटी छोटी वर्कशॉप्स, तिथे बायका कोणती कामं करतात आणि कोणती त्यांना देत नाहीत, हे विचारून यायचं होतं.

पहिला गट लवकर परतला. त्यांचा निष्कर्ष होता, "पीण्यात अन्याय नाही." मी विचारलं, कसं कळलं? तर म्हणे, सगळ्या बायकांना रांगेत उभं करून विचारलं, सगळ्या "नाही" म्हणाल्या.

"कुणी उभं केलं रांगेत?"

"सुपरवायझरनं, मॅम. खूप को-ऑपरेट केलं त्यांनी. शेवटपर्यंत तिथेच उभे होते."

दुसऱ्या गटात किरण. किरण म्हणजे आमचा वक्तृत्व स्पर्धेतला हिरो. एका वर्कशॉपच्या मालकाला गाठून हा बराच वेळ आत होता. बाहेर आला तो घामाघूम आणि विजयी. "मॅम, मी त्यांना कन्व्हिन्स केलं!"

"कशाबद्दल?"

"बायकांना लेथवर घेण्याबद्दल. इक्वॅलिटी!"

"वा. आणि आजवर का घेतलं नाही म्हणाले ते?"

"ते काय म्हणणार मॅम? मी बोलूच दिलं नाही!"

*

दुसऱ्या दिवशी वर्गात मी अक्षरशः टेबल बडवलं. "मुलाखत घेताना तोंड बंद ठेवायचं! भांडायचं नाही, शिकवायचं नाही, समोरच्याला शब्द पुरवायचे नाहीत. एकच शब्द बोलायचा, आमेले. आणि जिथे विचारायची सगळ्यात जास्त घाई होईल, तिथे तोही नाही. गप्प बसायचं. गप्प बसलेलं माणसाला सहन होत नाही, तो आपणहून बोलतो." हे मी कुठे शिकले ते अर्थातच सांगितलं नाही.

जोड्या लावल्या. एकानं सकाळपासून काय केलं ते सांगायचं, दुसऱ्यानं फक्त आमेले म्हणायचं. काय अवघड आहे? पण नाही! रोहन समोरच्याचं बोलणं चालू असताना फोन बघत होता. एका जोडीत दोघंही सांगत होते. एकीनं डोशाच्या वर्णनावरच रेसिपी सांगायला घेतली.

किरणच्या समोर भाग्या बसली होती. किरणनं जोरात सुरुवात केली, बस कशी चुकली वगैरे. थोड्या वेळानं त्याचा आवाज येईना म्हणून मी वळून पाहिलं, तर हा डोळे पुसतोय. गेल्या वर्षीचे दोन विषय राहिलेत, घरी अजून माहीत नाही, वडील सगळ्यांना सांगतात माझा मुलगा कलेक्टर होणार, इथपर्यंत गाडी गेली होती. आणि भाग्यानं त्या एका शब्दाखेरीज दुसरा शब्द उच्चारला नव्हता!

"मॅम," किरण नाक ओढत म्हणाला, "हिला बॅन करा!"

*

परीक्षा तोंडावर आली तेव्हा भाग्या स्टाफरूममध्ये आली. "मॅम, रविवारी मुलाकडचे येणार आहेत. तुम्ही या. अप्पा म्हणाले, कॉलेजच्या मॅडम आल्या तर बरं दिसेल."

म्हणजे मला शोभेला बोलावलं होतं! चरफडत का होईना, गेले.

देवनहळ्ळीत त्यांच्या घराच्या एका अंगाला थोडा द्राक्षांचा मांडव उरला आहे, दुसऱ्या अंगाला प्लॉटचे दगड. आत मुलाकडची मंडळी बसली होती. मुलगा फोनमध्ये मान घालून, त्याचे वडील मिशीला पीळ देत, आणि आई बोलत. सगळं बोलणं कन्नडमध्ये. बोलताना मी अडखळते, पण कळतं मला सगळं. अप्पा दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर हात जोडल्यासारखे बसले होते. रंग, उंची, मुद्दे करता येतात का, सगळं विचारून झालं. मग मुलाचे वडील म्हणाले, "मुलीलाही काही विचारायचं असेल तर विचारू दे. आम्ही मॉडर्न आहोत."

मी मनात ओरडत होते, अगं विचार, थर्ड इयरचं विचार! जीभ आवरायला मला फार कष्ट पडले.

भाग्यानं कॉफीचा ट्रे खाली ठेवला. "अम्मा, तुमच्या घरी माझा दिवस कसा असेल?"

बाई खूश झाल्या. "काही नाही गं. सकाळी उठून दारात सडा, रांगोळी. नाश्त्याची तिंडी करायची, सगळ्यांचे डबे भरायचे."

"आमेले?"

"आमेले कॉलेज की! तुझ्या अप्पांना शब्द दिलाय आम्ही."

"आमेले?"

"म्हणजे, रोज नाही जमणार. सणवार असतात, पाहुणे असतात. परीक्षेपुरतं जायचं."

"आमेले?"

"आणि परीक्षेचं तरी काय एवढं? यंदा नाही तर पुढच्या वर्षी. मोठीलाही आम्ही हेच सांगितलं होतं."

त्यांना मोठी सून आहे हे आम्हाला तिथे पहिल्यांदाच कळलं. मुलाचे वडील मोठ्यानं खाकरले. बाईंचं लक्ष नव्हतं.

"आमेले?"

"ती बी.कॉम.ला होती. आम्ही शिकवणारच होतो. पण तिलाच दम नाही. रोज कॉलेज, रोज कॉलेज, रोज रडारड."

भाग्या काहीच बोलली नाही. मान खाली घालून बसून राहिली. मला आतून इतकं विचारायचं होतं की मी पदराचं टोक चावत होते.

"गेली मग माहेरी," बाई म्हणाल्या.

मुलानं फोन खाली ठेवला. त्याच्या वडिलांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. बाहेर लेआउटवर कुठेतरी टिपर खडी ओतत होता.

दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची करकरली. अप्पा थोडे पुढे वाकले, आणि फोनवरच्या त्याच अदबशीर आवाजात त्या बाईंना म्हणाले,

"आमेले?"